बाईंना आई करणारी पुस्तके

शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षिकेला पुस्तक भेट देण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. डी.एड.चे सर निरोप समारंभात देतात, संस्थाचालक नेमणुकीच्या पत्राबरोबर देतात, मामा-काका पेढा तोंडात टाकता टाकता देतात. वाच आणि आदर्श शिक्षिका हो, असा आशीर्वादही देतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्या पुस्तकांबद्दल.

जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवत मला 24 वर्षे झाली. आमच्या गटातर्फे दर मे महिन्यात नव्या शिक्षिकांचे तीन दिवसांचे शिबिर होते. येताना प्रत्येकीने भेट मिळालेले पुस्तक बरोबर आणायचे, असा तिथला नियम आहे. त्यामुळे असली पुस्तके मी ढिगाने वाचली आहेत. मुखपृष्ठावर पणती नाहीतर उगवता सूर्य. पहिल्या पानावर शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार, दुसऱ्यावर गुरुशिष्य परंपरेचा गौरव. आणि पुस्तकभर शिक्षक म्हणजे 'तो'. तो वर्गात प्रवेश करतो, तो फळ्यावर लिहितो, तो मुलांची मने जिंकतो. शिक्षिका भेटते ती एखाद्याच प्रकरणात, आणि तिथे तिला आईची उपमा दिल्याशिवाय लेखकाचे पान पुढे सरकत नाही.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. ही पुस्तके बाईंना शिकवायला शिकवत नाहीत, आई व्हायला शिकवतात. आणि एकदा आई झाली की तिने पगार विचारायचा नसतो, वेळ विचारायची नसते, तक्रार तर करायचीच नसते!

आईपणाचा हिशेब

काय असते या आईच्या प्रकरणात? शिक्षिकेने सदैव हसतमुख असावे. आवाज मृदू ठेवावा. पोशाख साधा आणि शालीन असावा. वर्गातले प्रत्येक मूल आपलेच समजावे. घड्याळाकडे पाहून काम करू नये. घरच्या चिंता चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवाव्यात. चपला बाहेर काढून ठेवता येतात, मान्य. घरी तापाने फणफणलेले लेकरू कुठे काढून ठेवायचे, ते मात्र कुठल्याच पुस्तकात लिहिलेले नाही. आणि शाळेतून घरी जाताना शाळेच्या चिंता कुठे ठेवायच्या, हेही नाही. कारण घरी गेल्यावर ती पुन्हा आईच असते. म्हणजे एकाच बाईने दोन पाळ्या करायच्या आणि दोन्हींना प्रेम म्हणायचे.

मुलांवर माया करू नये असे मी म्हणते आहे का? मुळीच नाही. सहा वर्षांचे मूल पहिल्यांदा घर सोडून वर्गात येऊन बसते, तेव्हा त्याला माया हवीच. पण ती मास्तरांकडूनही हवी! गंमत पाहा. साने गुरुजींना आपण मातृहृदयी म्हणतो, तेव्हा तो त्यांचा गौरव असतो. पुरुष असून त्यांनी एवढी माया केली, याचे आपल्याला अप्रूप वाटते. तीच माया शेजारच्या वर्गातल्या बाईंनी केली तर ते त्यांचे कर्तव्य ठरते, आणि एखाद्या दिवशी नाही केली तर गुन्हा. मुलाचे म्हणणे ऐकून घेणे, रडणाऱ्याला शांत करणे, भांडण सोडवणे ही शिकून येणारी कौशल्ये आहेत. त्यांना मेहनत पडते. बाईला ती जन्मतःच येतात असे म्हटले की ती शिकवायला नकोत, त्यांचे मोल करायला नको आणि पुरुषांकडून त्यांची अपेक्षाही ठेवायला नको. असा हा सोयीचा हिशेब आहे.

या हिशेबाचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका शाळेत मी आणि एक तरुण शिक्षक एकाच आठवड्यात रुजू झालो. शिक्षण सारखे, गुणही जवळजवळ सारखेच. त्यांच्याकडे शिष्यवृत्तीचा वर्ग दिला. माझ्याकडे पहिली दिली आणि वर स्वागतगीत, रांगोळी, साहेब आले की चहा, शिवाय वरच्या वर्गातल्या 'मुलींच्या अडचणी'. बाई, तुम्हाला हे छान जमते, असे मुख्याध्यापक म्हणाले. त्या शिक्षकांना चहा जमतो का, हे कुणीच विचारले नाही. पहिलीचा वर्ग कमीपणाचा आहे असे माझे म्हणणे नाही. मूल वाचायला लागते ते पहिलीत. सगळ्यांत अवघड वर्ग तोच. पण तो मला दिला गेला तो अवघड आहे म्हणून नव्हे, बायकी आहे म्हणून.

पुस्तके गप्प कुठे बसतात

आज आपल्या देशात शिकवणाऱ्यांमध्ये निम्म्याहून जास्त बायका आहेत. त्यांच्या रोजच्या कामात ज्या गोष्टी काट्यासारख्या रुततात, नेमक्या तिथेच ही पुस्तके मौन धरतात.

पहिली गोष्ट पैशाची. महाराष्ट्रात 2000 साली शिक्षणसेवक योजना आली. पूर्ण वेळ शिकवायचे, सगळी जबाबदारी घ्यायची, पण पहिली तीन वर्षे पगार नाही, मानधन! प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन वर्षानुवर्षे 6,000 रुपयांवर अडकले होते. 2023 साली ते 16,000 झाले. 'सेवक' आणि 'मानधन' हे शब्दच पाहा. काम करणाऱ्याला सेवक म्हटले की मजुरीचे मानधन होते. विनाअनुदानित शाळांतल्या आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या मैत्रिणींची गोष्ट तर याहून वाईट. त्याग, सेवा, समर्पण यांवर पाने खर्च करणाऱ्या लेखकांना पगाराच्या चिठ्ठीवर एक ओळ लिहावीशी वाटत नाही.

दुसरी गोष्ट कामाच्या हद्दीची. शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याचे कलम 27 सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपता येणार नाही. हे कलम किती जणींना माहीत आहे? आमच्या शिबिरात हात वर करायला सांगितले की चार-दोनच वर जातात. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, आज मागितलेला आणि कालच हवा असलेला तक्ता यांत दुपार संपते. मग पुस्तकातले मृदू आवाजाचे प्रकरण आठवते आणि बाई स्वतःलाच दोष देत बसतात.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. खेड्यातली दोन शिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. एक वयस्क मुख्याध्यापक, एक बावीस वर्षांची नवी मुलगी, आणि मुले घरी गेल्यावर रिकामा वर्ग. मुख्याध्यापक सज्जन असतील तर प्रश्न नाही. नसतील तर? 2013 च्या कायद्याने दहा किंवा त्याहून जास्त माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती बंधनकारक केली. शाळाही त्यात आल्या. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते, आणि दोन शिक्षकी शाळेतली शिक्षिका तिथे तक्रार करू शकते. ही एवढी माहिती एखाद्या मुलीचे आयुष्य वाचवील. पण आदर्श शिक्षिकेच्या पुस्तकात ती नसते. तिथे शालीन पोशाख असतो.

पोशाखावरून आठवले. मार्च 2024 मध्ये राज्य शासनाने शिक्षकांच्या कपड्यांबद्दल निर्णय काढला. बायकांनी साडी, सलवार किंवा चुडीदार, कुर्ता, ओढणी. पुरुषांनी शर्ट-पँट, तीही शर्ट आत खोचून. जीन्स, टी-शर्ट नको. कपड्यांची एवढी बारीक चौकशी होते. शाळेत शिक्षिकेसाठी स्वच्छ, कडी लागणारे, पाणी असलेले संडास आहे का, याची चौकशी त्याच बारकाईने कधी होणार?

मग वाचायचे काय?

मैत्रिणींनो, नुसती टीका करून मला थांबायचे नाही. नव्या शिक्षिकेला पुस्तके लागतात, आणि चांगली पुस्तके आहेतही. पण तीही डोळे मिटून वाचण्याची नाहीत.

गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' सगळेच सुचवतात. मीही सुचवते. त्यातला शिक्षक अधिकाऱ्याकडे जाऊन प्रयोगासाठी एक वर्ग मागतो. त्याला चौथी मिळते. पहिल्याच दिवशी तो शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्ग त्याचा पार बोजवारा उडवतो. मग तो गोष्टी सांगू लागतो, आणि गोष्टींच्या ओढीने मुले जवळ येतात. पहिला दिवस फसतो हे छापून सांगणारे पुस्तक नव्या शिक्षिकेला फार धीर देते. पण वाचताना हेही लक्षात ठेवा की त्याने वर्ग मागितला आणि तो मिळाला. साहेबांसमोर खुर्ची ओढून बसायची मुभा त्याला होती. बावीस वर्षांच्या मुलीने जाऊन 'मला वर्षभर माझ्या पद्धतीने शिकवू द्या' म्हटले तर काय उत्तर मिळेल, ते तुम्हीच सांगा! म्हणून हे पुस्तक एकटीने वाचू नका. केंद्रातल्या चौघी-पाच जणींनी मिळून वाचा आणि मागायला जायचे ते मिळूनच जा.

तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' 1981 साली जपानमध्ये निघाले, मराठीतही आले. मुख्याध्यापक कोबायाशी छोट्या तोत्तोचानचे बोलणे तासन्‌तास ऐकतात, हा प्रसंग सर्वांच्या लक्षात असतो. माझ्या मते शिक्षिकेने दुसरा एक प्रसंग लक्षात ठेवावा. वर्गात एका मुलाची उंची वाढत नसते. माणसाच्या शेपटीचा विषय निघतो आणि बाई गमतीने त्यालाच विचारतात, तुला शेपूट आहे का? कोबायाशी त्यांना याबद्दल फार कडक शब्दांत बोलतात. पण बोलतात ते स्वयंपाकघरात, इतर शिक्षकांसमोर नव्हे. मुलाची प्रतिष्ठा त्यांनी जपली आणि बाईंचीही. आपल्याकडच्या तपासणीत शेरा कसा मारला जातो ते आठवा. वर्गासमोर, मुलांसमोर, कधी सरपंचांसमोर! हे प्रकरण शिक्षिकेने वाचावे, पण त्याआधी केंद्रप्रमुखांनी वाचावे.

इटलीतल्या बार्बियाना या डोंगरातल्या वस्तीवर लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने शाळा चालवली. तिथल्या आठ मुलांनी मिळून बाईंना एक लांबलचक पत्र लिहिले. ते 1967 साली छापले गेले आणि मराठीत 'प्रिय बाई' या नावाने आले. गरिबांची मुले नापास होत नाहीत, त्यांना नापास केले जाते, हे त्या मुलांनी स्वतः आकडे गोळा करून दाखवले. हे पुस्तक वाचून झोप उडते, उडायलाच हवी. तरी मला एक विचारायचे आहे. सगळा राग बाईंवरच का? अभ्यासक्रम बाईंनी ठरवला नव्हता, शाळांचा पैसाही त्यांच्या हातात नव्हता. व्यवस्थेच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर उभी असलेली बाई मुलांच्या डोळ्यांसमोर असते, म्हणून घाव तिच्यावर बसतो. आणि आणखी एक. आसपासच्या मुली बार्बियानाला येत नसत. बाईच्या जातीला अक्कल कशाला हवी, असे घरच्यांना वाटत असावे, अशी खंत ती मुलेच नोंदवतात. वंचितांच्या शाळेतूनही वगळली गेली ती मुलगी! म्हणून हे पुस्तक मिटताना आपल्या हजेरीपटावर नजर टाकावी. सलग गैरहजर कोण आहे? ती कुठे आहे? उसाच्या फडात, की घरी धाकट्या भावाला सांभाळत?

याचे उत्तर आपल्याच मातीत शोधले गेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली बोर्डीला काम करू लागल्या आणि 1957 मध्ये कोसबाडला गेल्या. वारली मुली शाळेत का येत नाहीत? काखेत धाकटे भावंड असते म्हणून. मग भावंडालाही घेऊन ये, असे या दोघींनी सांगितले, आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात चालवली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन मी प्रत्येक नव्या शिक्षिकेच्या हाती देते. आई म्हणून त्यांची पूजा बांधणे सोपे आहे. पण त्या दोघींनी मायेबरोबर व्यवस्थापन केले, निरीक्षण केले, अभ्यासक्रम रचला. त्या शिक्षणतज्ज्ञ होत्या. हा शब्द आपण बायकांसाठी इतक्या काटकसरीने का वापरतो?

न्यूझीलंडच्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचे 'टीचर' 1963 साली आले. स्वतःची तीन मुले सांभाळून त्या माओरी मुलांना शिकवत. छापील वाचनमालेतले गोऱ्यांचे नीटनेटके घर या मुलांना परके होते. मग त्या प्रत्येक मुलाला विचारत, तुला आज कोणता शब्द हवा? मूल सांगे तो शब्द कार्डावर लिहून त्याच्या हातात देत. भीतीचा, मायेचा, घरातल्या भांडणाचा शब्द मूल एकदाच पाहून वाचायला शिके. पावरी, गोंडी किंवा वारली बोलणाऱ्या मुलांसमोर उभ्या असलेल्या शिक्षिकेला यापेक्षा उपयोगी काय असणार? खडू आणि जुन्या वहीचे पुठ्ठे, एवढेच भांडवल लागते.

कोल्हापुरात 1985 साली 'सृजन आनंद विद्यालय' सुरू करणाऱ्या लीलाताई पाटील यांची पुस्तकेही अशीच कामाची आहेत. 'अर्थपूर्ण आनंदशिक्षणासाठी' आणि 'लिहिणं मुलांचं : शिकवणं शिक्षकांचं' ही दोन तरी हाताशी हवीत. लीलाताई उपदेश करत नाहीत. वर्गात काय केले, मुले काय म्हणाली, त्यावरून पुढे काय केले, ते सांगतात.

आणि सावित्रीबाई? त्यांची तसबीर प्रत्येक शाळेत आहे, 3 जानेवारीला हार घातला जातो. पण त्यांनी जोतीरावांना लिहिलेली पत्रे किती जणींनी वाचली? 1868 च्या पत्रात, वेगवेगळ्या जातींतल्या एका जोडप्याला गाव मारायला निघाले असता आपण मध्ये पडून त्यांना कसे वाचवले, ते त्या सांगतात. शिक्षिका म्हणजे नुसती वात्सल्यमूर्ती नव्हे, हे पहिल्या शिक्षिकेनेच लिहून ठेवले आहे. त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळकरी मुलगी काय लिहू शकते हे त्यावरून कळते. 'माझी आई' आणि 'पावसाळ्यातील एक दिवस' यांपलीकडे आपण आपल्या मुलींना काय लिहायला देतो?

झाडू कुणाच्या हातात?

बालभारतीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकातली काही चित्रे बदलली. आईबरोबर बाबाही भाजी निवडताना दिसले. आनंद झाला. पण चित्र बदलले म्हणून वर्ग बदलत नाही. त्याच वर्गात सकाळी झाडू कुणाच्या हातात असतो? पाहुण्यांना पाणी कोण देते, आरती घेऊन कोण उभे राहते? बाक उचलायला, दुकानातून खडू आणायला कुणाला पाठवले जाते? संडास साफ करायला सांगताना कुठल्या वस्तीतल्या मुलाचे नाव ओठावर येते? शिक्षिकेसाठीच्या पुस्तकाने हे प्रश्न विचारले पाहिजेत. मोठ्या सिद्धांताची गरज नाही. मुलगा-मुलगी असा भेद न करता, हजेरी क्रमांकाने सफाईच्या पाळ्या लावा. आठवडाभरात घरून तक्रारी येतील, आमच्या बाळ्याला झाडू का दिला म्हणून! त्या तक्रारींना उत्तर कसे द्यायचे, यावर एक प्रकरण हवे.

मुलांना मारता येणार नाही, त्यांचा मानसिक छळ करता येणार नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 सांगते. मग साठ मुलांच्या वर्गात छडी न उचलता काय करायचे, तेही त्या पुस्तकात हवे. एखाद्या मुलीने घरातल्या किंवा शाळेतल्या माणसाने केलेला अत्याचार सांगितला तर 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांकडे कळवणे बंधनकारक आहे. कळवले नाही तर तोही गुन्हा आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून गप्प बसा, असा दबाव येतोच. तेव्हा त्या एकट्या शिक्षिकेच्या पाठीशी कोण उभे राहणार? निदान पुस्तकाने तरी उभे राहावे!

असे पुस्तक आज मराठीत एका जागी मिळत नाही. ते निवृत्त साहेब लिहितील याची वाट पाहण्यात अर्थ नाही, आपणच लिहायला हवे. प्रत्येकीने आपल्या पहिल्या वर्षाची चार पाने लिहावीत. कोणता पाठ फसला, कोणता जमला, पालकसभेत काय झाले, कोणत्या अधिकाऱ्याला काय उत्तर दिले आणि कोणते द्यायचे राहून गेले. मुलांची नावे बदलावीत, बाकी काही बदलू नये. ती पाने आमच्या अंकाकडे पाठवा. शिबिरात वाचून, वाद घालून त्यांचे पुस्तक करू.

तोवर कुणा नव्या बाईंना भेट द्यायचीच असेल तर वर सांगितलेल्यांपैकी एक पुस्तक द्या, आणि त्याबरोबर एक कोरी वही. वहीच्या पहिल्या पानावर कलम 17 आणि 27, जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता आणि तुमचा स्वतःचा फोन नंबर लिहा. 'आदर्श माता हो' असे मात्र लिहू नका. तिला चांगली शिक्षिका व्हायचे आहे. तेवढे काम पुरेसे मोठे आहे.